जंगावर माप घेऊ नये

नागपुरात गंज चुलीवर चढतो. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे वाक्य चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडे दूध तापवायचे उंच काठाचे भांडे म्हणजे गंज, आणि मावशी दारातूनच "गंज दिवसांनी आलीस गं" म्हणते तेव्हा तिला पुष्कळ दिवसांनी असे म्हणायचे असते. एकाच शब्दाकडे इतकी कामे असल्यामुळे असेल, लोखंडावर चढणाऱ्या तांबूस थराला आम्ही घरात हिंदीतला 'जंग' हाच शब्द वापरत आलो. गंज फक्त पाठ्यपुस्तकात होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी धातूंच्या क्षरणाचा धडा आला की 'लोखंड गंजते' या वाक्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी हसतेच.

माझे बाबा इथल्या एका कापड गिरणीत फिटर होते. रिंग खात्यातल्या, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या विभागातल्या, चात्या, चक्रे, बेअरिंगा यांच्यात त्यांची तीस वर्षे गेली. घरातही त्यांच्या खिशात तेलकट चिंधी असे. दाराच्या बिजागऱ्या, विळीचे पाते, सायकलची साखळी, विहिरीच्या रहाटाचा आस, कशालाही जंग दिसला की त्यांचा चेहरा असा होत असे, जणू घरातल्या कोणीतरी खोटे बोलल्याचे उघडकीला आले आहे. "जंग चढला म्हणजे तिथं कोणाचा हात पोचला नाही," एवढेच ते म्हणत आणि रॉकेलची बाटली शोधायला जात. त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी गंजाचे फोटो काढू लागले, तेव्हा ही गोष्ट मी त्यांच्यापासून जवळजवळ दोन वर्षे लपवून ठेवली. दुसऱ्याच्या घरातल्या खरकट्या भांड्यांचे फोटो काढावेत, तसेच काहीसे ते त्यांना वाटले असते.

सुरुवात कूलरपासून झाली. नागपूरकराच्या आयुष्यात कूलर काय असतो हे निराळे सांगायला नको. पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत जाऊ शकणाऱ्या या गावात होळी झाली की गच्चीवरचे, माळ्यावरचे, जिन्याखालचे पत्र्याचे कूलर खाली उतरतात. ताट्यांमधला जुना वाळा काढून नवा भरला जातो, टाकीला आतून काळा रंग दिला जातो, छिद्रे बुजवली जातात, आणि पंपातून पहिले पाणी ताट्यांवर ओघळले की घरभर तो ओला, मातकट वास पसरतो. एका मार्चमध्ये आमचा जुना कूलर दुरुस्तीपलीकडे गेल्याचे मिस्त्रीने सांगितले. कबाडीवाला येईपर्यंत तो गच्चीवर उलटा पडून होता. सकाळी कपडे वाळत घालायला गेले, तर तिरप्या उन्हात त्याच्या टाकीच्या आतल्या बाजूवर मला एक निसर्गचित्र दिसले. वर राखाडी पट्टा, त्याखाली गडद तपकिरी रेघ, त्याखाली नारिंगी आणि पिवळ्याचे ओघळ, आणि तळाशी पांढऱ्या क्षारांची साय. जणू लांबच्या डोंगरापुढे कापणीला आलेले शेत. मी हातातले ओले कपडे कठड्यावर टाकले आणि मोबाइलने एकामागोमाग एक अकरा फोटो काढले.

कपडे सावकाश वाळत घातले, कारण मनात रसायनशास्त्र सुरू झाले होते. या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे आधी स्वतः झिजते आणि तेवढे दिवस लोखंडाला जपते. ते संपले की लोखंडाची पाळी येते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, पण पाण्यातले क्षार टाकीतच राहतात. रोज नवे पाणी भरले की नवे क्षार त्यांत मिसळतात, त्यामुळे उन्हाळ्याअखेर ते पाणी नुसते पाणी राहत नाही, विद्युतप्रवाह सहज वाहून नेणारे द्रावण होते. शिवाय पाण्याच्या पातळीजवळ हवा भरपूर आणि खाली कमी, या भेदामुळे एकाच पत्र्याचे दोन भाग विद्युतघटाच्या दोन अग्रांसारखे वागू लागतात. जिथे प्राणवायू कमी पोहोचतो तिथले लोखंड विरघळते, आणि विरघळलेले लोखंड वरच्या प्राणवायूला भेटते तिथे गंज साचतो. म्हणजे पत्रा कुठे खंगत आहे आणि रंग कुठे दिसत आहे, या दोन जागा एक नसतात. वीस वर्षे मी हे फळ्यावर काढत आले होते. ते इतके देखणे असते, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी एक जुना कॅमेरा आणि जवळून फोटो काढायचे भिंग घेतले. भिंगातून पहिल्यांदा पाहिला तो एका वाळलेल्या थेंबाचा डाग. त्याच्या मध्यभागी उघडे, किंचित खरवडल्यासारखे लोखंड होते आणि भोवती नारिंगी कडे. हाही वर्गातलाच प्रयोग: थेंबाच्या कडेला हवा जास्त, मध्यभागी कमी, म्हणून मधले लोखंड विरघळते आणि गंज कड्यासारखा जमतो. गंज सगळा एकाच रंगाचा असतो हा समजही भिंगाने मोडला. लोखंडाची ऑक्साइडे आणि त्यांची जलयुक्त रूपे निरनिराळी असतात. ताजा, पहिल्या पावसाचा गंज नारिंगी असतो, मुरलेला पिवळसर तपकिरी होतो, पापुद्र्यांच्या आत हवा न लागणारा थर काळा पडतो. अंगण सारवल्यावर काठाला ओढायचा गेरू आणि पिवळी माती हीदेखील याच कुटुंबातली. अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे आणि पिवळे रंग अशाच लोहयुक्त मातीचे आहेत. कूलरच्या टाकीत मला जे निसर्गचित्र दिसले, त्याचे रंग खरोखरच चित्रकाराच्या पेटीतले होते.

हळूहळू मी ऋतू निराळ्या रीतीने मोजू लागले. नागपूरचा गंज हा पावसाळी प्राणी आहे. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत लोखंड फारसे गंजत नाही, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की कपाटावरची लोखंडी पेटी समाधी लागल्यासारखी स्वस्थ बसून राहते. कोकणातल्या गंजाला समुद्र मीठ पुरवतो, त्याला बारमाही खुराक आहे. इथला गंज मृगाची वाट पाहतो. फोटोला तरी चांगला काळ म्हणजे आषाढातला ढगाळ दिवस. कडक उन्हात गंजाचे चढउतार सपाट होतात, आणि ओल्या पृष्ठभागावर मात्र रंग गडद दिसतो, कारण खडबडीत कणांवर विखुरणारा उजेड पाण्याच्या पातळ थरामुळे कमी होतो. एवढे करूनही संगणकावर रंग भडक करण्याचा मोह आवरावा लागतो. माझे पहिल्या वर्षाचे निम्मे फोटो आज मला मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखे दिसतात.

इतवारीतल्या लोहा ओळीत मी बऱ्याचदा गेले आणि रिकाम्या हाताने परतले. तिथले लोखंड नवे, विकाऊ, तेल लावलेले. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयाकडूनही मला फार अपेक्षा होत्या. २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेले ते संग्रहालय सुरेखच आहे, पण इंजिने चकचकीत रंगवलेली आहेत आणि मुले त्यांवर चढून खिदळतात. तिथून बाहेर पडताना मला स्वतःची थोडी लाज वाटली; कोणीतरी आपली वस्तू नीट सांभाळली आहे, याबद्दल मी मनातल्या मनात कुरकुरत होते.

मात्र ज्या छोट्या गाड्यांच्या आठवणीसाठी ते संग्रहालय आहे, त्यांच्या रुळांनी मला बाबांचे वाक्य पहिल्यांदा नीट समजावले. सातपुड्यातले आणि विदर्भातले हे रूळ अवघ्या ७६२ मिलिमीटर अंतराचे. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली आणि इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, दोन्ही ठिकाणी मोठे रूळ टाकायचे म्हणून. त्या डिसेंबरात मी उमरेडच्या अलीकडे एका फाटकापाशी उतरले. धावत्या मार्गावरच्या रुळाची कूस नेहमीच गंजलेली असते आणि माथा आरशासारखा असतो, कारण चाके त्याला रोज घासतात. इथे चाके थांबून जेमतेम काही आठवडे झाले होते, पाऊसही नव्हता, फक्त रात्रीचे दव होते. तेवढ्यावर माथ्यावर सुंठीच्या पुडीसारखा फिकट थर आला होता. बोट फिरवले, तर खाली चमक अजून होती. मी गुडघे टेकून बराच वेळ तिथे बसले. गंज म्हणजे लोखंडाने सोडलेला जीव, असे मी तोवर समजत होते. पण लोखंड होते तिथेच होते, गेले होते ते चाक. नंतर मी माझे जुने फोटो काढून पाहिले, तर प्रत्येकात तेच. बंद दुकानाच्या शटरवर सगळा गंज आणि एका मुठीएवढा भाग स्वच्छ, कारण शेजारचा चहावाला तिथे टेकतो. हातपंपाचे सगळे अंग तपकिरी आणि दांड्याचे टोक चांदीसारखे. मी गंजाचे फोटो काढते असे मला वाटत होते, आणि भिंगापुढे दरवेळी आलेली होती ती हात थांबल्याची जागा.

हे कळल्यावर माझे काम अवघड झाले. कापड गिरण्यांच्या या शहरात हात थांबल्याच्या जागा पुष्कळ आहेत, आणि ते हात कोणाचे होते हे मला ठाऊक आहे. जमशेटजी टाटांनी इथे काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली, म्हणून तिचे ते नाव. रिंग स्पिंडल हे त्या काळातले अगदी नवे यंत्र जमशेटजींनी याच गिरणीत चालवून पाहिले. ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली, आणि आज तिच्या जागेच्या काही भागावर मॉल उभा आहे, नावापुरती 'एम्प्रेस' जपून. बाबांची गिरणी निराळी, तिचे नाव इथे नको. ती थांबली तेव्हा मी कॉलेजात होते. घरात पैशांची चर्चा दबक्या आवाजात चाले, ती मला आठवते. पण त्याहून स्पष्ट आठवतो तो त्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस. बाबा रात्री उठून ओसरीवर येऊन बसले होते. आईने विचारले तर म्हणाले, "तिथं वर पत्रे फुटके आहेत. मशीनीवर पाणी पडत असल." फाटकाला कुलूप होते, पगार थांबला होता, आणि या माणसाला रिंग फ्रेमच्या जंगाची काळजी लागली होती.

अशा घरात वाढलेल्या बाईने गंजाला सुंदर म्हणावे का, हा प्रश्न मी टाळू शकले नाही, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे आजही नाही. पडक्या गिरण्यांचे आकर्षक फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत छतातून येणारा उजेडाचा झोत असतो, तुटकी खुर्ची असते, आणि तिथे आठ तास उभे राहून कापसाची धूळ गिळणाऱ्या माणसाची जराही जाणीव नसते. ते फोटो मला चिडवतात. मग माझे तसे नाहीत कशावरून? एवढेच म्हणू शकते की, ज्याचा पगार त्या यंत्रावर कधी अवलंबून नव्हता त्याला त्याच्या गंजात केवळ रंग दिसणे सोपे आहे, आणि मला रंग दिसतात तेव्हा बाबांची चिंधीही दिसते. दिसणे थांबवता येत नाही. कूलरच्या टाकीतले ते शेत सुंदर होते. ते कुरूप होते असे लिहिले, तर ते खोटे होईल.

कामठी रस्त्याच्या बाजूला कबाडीचे एक मोठे आवार आहे, तिथे मी आठवड्यातून एकदा जाऊ लागले. आवाराच्या मालकाला माझ्या छंदाचे कोडे सुटत नसे, पण आक्षेपही नव्हता. त्याच्या दृष्टीने गंज म्हणजे घट: पापुद्रे गळून पडतात आणि वजन कमी भरते. तिथे घणाने यंत्रांचे सुटे भाग फोडणाऱ्या एका बाईने मला पहिल्याच दिवशी बजावले होते, "मॅडम, चप्पल नका घालू, बूट घालून येत जा. जंगानं धनुर्वात होते." धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतल्या जिवाणूंनी होतो, हे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले, बुटांचा सल्ला तर बरोबरच होता. गंजलेला खिळा खोल जखम करतो आणि त्यावर माती असते, एवढे तिच्या अनुभवाला पुरेसे होते.

त्या ढिगाऱ्यासमोर मला पारशिवनी तालुक्यातले नैकुंड आठवत असे. १९७८ ते १९८० या काळात तिथे झालेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे दोन हजार सातशे वर्षांपूर्वीची. म्हणजे आमच्या जिल्ह्यातली माणसे तेव्हाही तांबड्या दगडातून प्राणवायू हुसकावून लोखंड मोकळे करत होती. लोखंडाचे खनिज हे मुळात ऑक्साइडच असते. भट्टीत कोळसा, हवा आणि कष्ट ओतून माणूस त्याचे लोखंड करतो, आणि पाठ वळली की ते पुन्हा पहिल्या रूपाकडे निघते. कबाडीच्या आवारातले लोखंड अर्ध्या वाटेवर होते. तिथून ते पुन्हा भट्टीत जाणार होते.

याच आवारात मला ते चक्र दिसले. दातेरी, तळहाताहून थोडे मोठे, एका दाताचे टोक उडालेले, आणि अंगावर गंजाचे असे थर की एखाद्या जुन्या पोथीची पाने वाटावीत. कुठल्या यंत्राचे होते कोण जाणे. मी त्याचे पुष्कळ फोटो काढले आणि त्यातल्या एकाचा निळा ठसा करायचे ठरवले.

या ठशाची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत आम्ही अगरच्या जेलीत लोखंडी खिळा ठेवतो आणि त्यात पोटॅशियम फेरीसायनाइड घालतो. काही तासांत खिळ्याच्या माथ्याशी आणि टोकाशी निळा रंग उमटतो, कारण खिळा घडवताना जिथे ठोकले, ताणले, वाकवले जाते तिथले लोखंड आधी विरघळते. विरघळलेले लोखंड आणि हे रसायन भेटले की प्रशियन निळा तयार होतो. हेच रसायन, त्याच तपकिरी बाटलीतले, जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप या छपाईत लागते. लोखंडाच्या दुसऱ्या एका क्षाराबरोबर ते कालवून कागदावर फासायचे, अंधाऱ्या खोलीत वाळवायचे, वर निगेटिव्ह आणि काच ठेवून उन्हात धरायचे. ऊन लोखंडाचे रूप पालटते आणि तिथे निळा रंग धरतो; उरलेले पाण्यात धुऊन जाते. गंजणाऱ्या खिळ्याची निळाई आणि या कागदाची निळाई एकच आहे. नागपूरच्या मे महिन्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. गच्चीवर काही मिनिटांतच कागद पक्का होत असे. फक्त बोअरवेलच्या पाण्यात निळा फिका पडू लागला, तेव्हा धुण्याच्या पाण्यात लिंबू पिळावे लागले.

चक्राचा ठसा दोरीवर वाळत होता आणि बाबा पापडांवर नजर ठेवायला गच्चीवर आले. मला तो काढून घ्यायला वेळ मिळाला नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चष्म्यातून त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. गर्द निळ्यावर पांढऱ्या रेघा. तपकिरी रंगाचा लवलेश नव्हता.

"ब्लू प्रिंट हाय हा," ते म्हणाले. "कोणत्या मशीनीचा?"

मला सुचेना. त्यांच्या गिरणीतल्या यंत्रांचे नकाशे याच निळ्या कागदावर असत, याच रसायनाने छापलेले, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. त्यांनी कागद दोरीवरून काढला, गुडघ्यावर ठेवला आणि नखाने दात मोजायला सुरुवात केली. मी तो फोटो शेकडो वेळा पाहिला होता, पण दात मोजले नव्हते.

"अडतीस. एक गेला आहे, तो धरून." मग त्यांनी कागद उलटा करून पाहिला. "माप नाही लिहिलं कुठं. मधल्या छिद्राचा बोअर किती आहे?"

मी त्यांना सगळे सांगितले. आवार, फोटो, दोन वर्षे. ते काही बोलले नाहीत. खाली गेले आणि पलंगाखालच्या पेटीतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर, बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घेऊन आले. गिरणी सुटल्यापासून तो कोणी वापरलेला नव्हता, पण सरकपट्टी अंगठ्याने ढकलली तर लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

"जंगावर माप घेऊ नको," त्यांनी बजावले. "मेटलवर घे. आधी घासून घे."

दुसऱ्या दिवशी चक्र तिथेच होते. मी एमरी पेपरने त्याच्या मधल्या छिद्राची आतली कड घासायला बसले. ज्या थरांचे मी इतके फोटो काढले होते ते माझ्या मांडीवर भुरभुरत होते आणि बोटे नारिंगी झाली होती. घण चालवणारी बाई काम थांबवून पाहत राहिली. बऱ्याच वेळाने छिद्राच्या कडेला राखाडी चमक आली. मी व्हर्नियरचे वरचे जबडे आत धरले आणि बाबांना फोन लावला.

"बत्तीस मिलिमीटर," मी सांगितले, "आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?" त्यांनी विचारले. पलीकडे ते पेन्सिल घेऊन बसले होते.